मालवाहू विमान आणि प्रवासी विमान: उडवणाऱ्याला अवघड काय जातं?

गोंदियाजवळच्या बिरसीत आणि अमरावतीच्या बेलोऱ्यात विमान आता शेताच्या बांधावरून दिसतं. बिरसीला वैमानिकांचं प्रशिक्षण बरीच वर्षं चालू आहे, आणि बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. त्यामुळे अकरावी-बारावीतली पोरं आणि त्यांचे आईवडील एक प्रश्न हमखास विचारतात: प्रवासी विमान चालवणं अवघड की मालाचं? पाठोपाठ उत्तरही तेच देतात. मालाचं सोपं असणार. मागे माणसं नाहीत, कटकट नाही, उशीर झाला तरी भांडायला कोणी नाही.

हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. विमान तेच, इंजिन तेच, परवानाही तोच. फरक एका साध्या गोष्टीने पडतो. प्रवासी आपल्या पायाने चालत येतो, स्वतः बसतो, स्वतः पट्टा बांधतो आणि काही बिघडलं तर सांगतो. जळका वास आला, छातीत दुखलं, खिडकीतून पंखावर काही विचित्र दिसलं, की तो बटण दाबून केबिन क्रूला बोलावतो. माल यातलं काहीच करत नाही. चुकीच्या जागी ठेवला, ढिला बांधला, आतून तापायला लागला, तरी गप्प. म्हणून प्रवासी विमानातल्या बऱ्याच अडचणी उड्डाणात समोर येतात आणि तिथेच सोडवता येतात. मालवाहू विमानात मात्र दार लागण्याआधी जे पाहायचं राहिलं, ते हवेत गेल्यावर पाहता येत नाही.

एका सांगाड्याची दोन कामं

जगात विमानाने जाणाऱ्या मालापैकी साधारण निम्मा माल प्रवासी विमानांच्या पोटातूनच जातो. नागपूर-मुंबई विमानात बसलेल्या माणसाच्या पायाखाली बॅगांच्या जोडीला औषधांची खोकी, यंत्रांचे सुटे भाग आणि कुरिअरच्या थैल्या असतात. २०२० च्या टाळेबंदीत प्रवासी विमानं जमिनीवर उभी राहिली आणि पोटातली ही जागा एकदम नाहीशी झाली. तेव्हा अनेक कंपन्यांनी खुर्च्यांवर खोकी ठेवून, वर जाळ्या आवळून माल नेला. मालाची वाहतूक प्रवाशांच्या विमानांवर किती टेकलेली आहे, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

निव्वळ मालाची विमानं दोन प्रकारची. काही कारखान्यातूनच तशी बनून येतात. बोइंग ७४७-४०० चं मालवाहू रूप शंभर टनांहून जास्त माल घेतं आणि त्याचं नाक वर उचलून समोरून लांब वस्तू आत सरकवता येतात. दुसरा प्रकार म्हणजे १५-२० वर्षं प्रवासी सेवा केलेलं विमान कापून मालवाहू करणं. त्यात खिडक्या बुजवतात, बाजूला मोठं दार पाडतात, फरशीखालचे आडवे बीम मजबूत करतात, वर रोलर आणि लॉक बसवतात आणि वैमानिकांच्या मागे एक भक्कम भिंत किंवा जाळी उभी करतात. ही आडभिंत मालाच्या वजनाच्या ९ पट धक्का झेलेल अशी बांधलेली असते. विमान अचानक थांबलं आणि माल पुढे आला, तर त्याच्या आणि वैमानिकांच्या मध्ये तेवढीच एक गोष्ट असते.

भारतात रात्री माल नेणारी बोइंग ७५७ विमानं याच दुसऱ्या प्रकारची आहेत. या विमानाचं उत्पादन २००४ मध्येच थांबलं. त्यामुळे त्यावर काम करणाऱ्या वैमानिकाला आणि इंजिनिअरला जुन्या यंत्राची नाडी ओळखावी लागते. नवीन एअरबस ए३२१ च्या मालवाहू रूपात वर १४ आणि खाली १० अशा जागा असतात आणि साधारण २७ टन माल बसतो.

भार किती, यापेक्षा भार कुठे

विमान तोलायचं गणित बैलबंडी भरणाऱ्याला अर्धं येतंच. बंडीत मागे जास्त भरलं की ती उलार होते आणि जू वर उचललं जातं. पुढे जास्त झालं की बैलांच्या मानेवर भार येतो. विमानात चाकाच्या आसाऐवजी पंख असतात. सगळ्या वजनाचा मध्यबिंदू पंखाच्या एका ठरावीक पट्ट्यातच पडावा लागतो. हा पट्टा मोठ्या विमानातही एखाद-दीड मीटरच्या आसपासच असतो. मध्यबिंदू फार मागे गेला तर नाक आपोआप वर चढतं आणि वैमानिकाने दांडा पुढे लोटला तरी खाली येत नाही. फार पुढे गेला तर धावपट्टी संपत आली तरी नाक उचलत नाही.

प्रवासी विमानात हे गणित सरासरीवर चालतं. प्रत्येक माणसाला काट्यावर उभं करत नाहीत; ठरावीक वजन धरतात. दीडशे माणसांत एखादा जाड, एखादा बारीक, शेवटी मेळ बसतो. विमान अर्धं रिकामं असेल आणि सगळे मागच्या रांगांत बसले असतील तर अडचण येते. म्हणूनच "टेकऑफ होईपर्यंत जागा बदलू नका" असं केबिन क्रू सांगतात. बेलोऱ्याला येणाऱ्या एटीआर ७२ मध्ये प्रवासी मागच्या दारानेच चढतात. त्या वेळी शेपटीखाली एक टेकू लावतात, तो याचसाठी. सगळे एकदम मागे गोळा झाले तर विमान शेपटीवर बसू नये.

मालात सरासरी चालत नाही. एका पॅलेटवर (माल रचायच्या सपाट पाटावर) लोकरीचे गठ्ठे, शेजारच्या पॅलेटवर मोटारींचे गिअरबॉक्स. आकार सारखा, वजनात तीन-चार पटींचा फरक. मोठं पॅलेट सुमारे २.४४ मीटर रुंद आणि ३.१८ मीटर लांब असतं आणि त्यावर कमाल ६,८०४ किलोपर्यंत भार चालतो. प्रत्येक पॅलेट काट्यावर चढवून वजन घेतात, चिठ्ठी लावतात, आणि कोणत्या क्रमांकाच्या जागेत कोणतं पॅलेट जाईल ते आधी कागदावर ठरवतात. त्यावरून लोडशीट तयार होते. लोडशीटवरच्या आकड्यावरून वैमानिक शेपटीच्या आडव्या पंखाचा कोन, म्हणजे ट्रिम, लावतो.

गडबड होते ती इथेच. कागदावर पॅलेट तिसऱ्या जागेत आणि प्रत्यक्षात नवव्या जागेत. वजन आदल्या टप्प्यावरचं, मधे दोन खोकी वाढली. किंवा शेवटच्या क्षणी विमान बदललं आणि योजना जुन्या विमानाचीच राहिली. ७ ऑगस्ट १९९७ ला मायामीहून निघालेलं फाइन एअर कंपनीचं डीसी-८ मालवाहू विमान उड्डाण होताच नाक वर करून कोसळलं. चौकशीत आढळलं की माल ठरल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने भरला होता, मध्यबिंदू मागे गेला होता, आणि चुकीच्या आकड्यावरून लावलेल्या ट्रिमने नाक आणखी वर ढकललं. विमानातले चार आणि जमिनीवरचा एक, असे पाच जण गेले. कॉकपिटमधल्या कुठल्याही घड्याळात ती चूक दिसत नव्हती. वैमानिकाच्या हातात होता तो फक्त कागद.

भरण्याचा क्रमही ठरलेला असतो. आधी पुढचा माल भरायचा, मग मागचा. उतरवताना आधी मागचा काढायचा. घाईत कोणी क्रम उलटा केला तर उभ्या विमानाचं नाक हवेत जातं आणि शेपूट जमिनीला टेकते. म्हणून अनेक मालवाहू विमानांना भरताना शेपटीखाली टेकू देतात. माल आत गेल्यावर चांगला वैमानिक किंवा लोडमास्टर (माल भरण्या-बांधण्यावर देखरेख करणारा) विजेरी घेऊन मागे जातो आणि प्रत्येक पॅलेटच्या कडेचं लॉक वर आलंय का ते बोटाने दाबून पाहतो. लॉक अर्धवट उचललं गेलं तर लांबून ते लागल्यासारखंच दिसतं. खाली एखादा खडा किंवा तुटक्या लाकडाची ढलपी अडकली तरी तेवढं पुरतं.

पट्ट्याचा कोन

पॅलेटवर जाळी आवळून बसणारा माल तुलनेने सोपा. जनरेटर, ट्रॅक्टरचे भाग, वाहनं असा जड आणि अवघड आकाराचा माल मात्र पट्ट्यांनी थेट विमानाच्या फरशीला बांधावा लागतो. नेहमीचा पट्टा ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२६८ किलो ताण घेतो. इथे नवखा माणूस हिशेब करतो: नऊ टनांची वस्तू, चार पट्टे, झालं. तो हिशेब दोन ठिकाणी चुकतो. टेकऑफच्या वेगात आणि नाक वर असताना माल मागे ओढला जातो, हवेच्या धक्क्यात वर उडू पाहतो, ब्रेक लागले की पुढे येतो. म्हणून नुसतं वजन धरून भागत नाही, प्रत्येक दिशेला त्याच्या दीड-दोन पट जोर धरावा लागतो. आणि पट्टा तिरपा असेल तर त्याची सगळी ताकद एका दिशेला मिळत नाही. फरशीशी ६० अंशांचा कोन करणारा पट्टा मालाला मागे सरकण्यापासून फक्त अर्ध्या ताकदीने धरतो, म्हणजे सुमारे १,१३४ किलो. ३० अंशांवर बांधला तर तोच पट्टा जवळपास ८७ टक्के ताकद देतो. पट्टे मोजून उपयोग नाही. त्यांचे कोन मोजावे लागतात आणि ज्या कड्यांना ते अडकवले त्यांची क्षमताही पाहावी लागते.

२९ एप्रिल २०१३ ला अफगाणिस्तानातल्या बगरामहून नॅशनल एअरलाइन्सचं ७४७ निघालं. आत पाच चिलखती लष्करी वाहनं होती. विमान वर चढत असताना एक वाहन सुटून मागे गेलं आणि मागची आडभिंत फोडून हायड्रॉलिकच्या नळ्या आणि शेपटीचा आडवा पंख हलवणारा स्क्रू त्याने तोडला. त्यानंतर विमान वैमानिकांच्या ताब्यात राहिलंच नाही. सात जण गेले. बांधणी अपुरी होती आणि तिच्यासाठी वापरलेल्या सूचनाच सदोष होत्या, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. लोडमास्टरला वैमानिक किंवा इंजिनिअरसारखं रीतसर प्रमाणपत्र असावं, ही शिफारसही त्यातूनच आली. आमच्या मते मालवाहतुकीतली ही सगळ्यात रास्त मागणी आहे. ज्याच्या गाठीवर विमान तरतं, त्याच्या शिक्षणाची हमी हवीच.

आग लागली तर

प्रवासी विमानाच्या पोटातले कप्पे बंदिस्त असतात. धूर ओळखणारं यंत्र वाजलं की वैमानिक बटण दाबतो आणि हेलॉन वायू कप्प्यात सुटतो. पुढे थोडा-थोडा सुटत राहतो, म्हणजे विमान खाली उतरेपर्यंत आग दबून राहते. वर केबिनमध्ये आग लागली तर माणसं आहेत, हातातली विझवायची नळकांडी आहेत, क्रूला प्रशिक्षण आहे.

मालवाहू विमानाचा वरचा मोठा कक्ष इतका प्रशस्त असतो की तो वायूने भरणं व्यवहार्य नसतं. तिथे पद्धत वेगळी: कक्षात जाणारी हवा बंद करायची, दाब सोडून द्यायचा आणि विमान साधारण २५,००० फुटांवर ठेवायचं. तिथे हवा विरळ असते, आगीला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. वैमानिक मुखवटा लावून शंभर टक्के प्राणवायूवर असतात. लाकूड, कागद, कापड यांच्या आगीला हा उपाय बऱ्यापैकी लागू पडतो.

लिथियम बॅटरीला तो पुरत नाही. मोबाइल, लॅपटॉप, पॉवर बँक, ई-बाइक यांतली बॅटरी आतून बिघडली की एक सेल तापून फुटतो, त्याच्या उष्णतेने शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. ही उष्णता रासायनिक क्रियेतून येते, बाहेरच्या हवेवर ती फारशी अवलंबून नसते. हेलॉनने ज्वाळा दबते, पण सेल फुटणं थांबत नाही. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेल्या यूपीएस या कुरिअर कंपनीच्या ७४७ मध्ये लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. आगीच्या पहिल्या सूचनेपासून विमान कोसळेपर्यंत अर्धा तासही मिळाला नाही. कॉकपिटमध्ये इतका धूर भरला की वैमानिकांना समोरची यंत्रं दिसेनात. दोघेही गेले. पुढच्याच वर्षी, २८ जुलै २०११ ला, आशियाना कंपनीचं मालवाहू ७४७ मालाच्या कक्षात लागलेल्या आगीनंतर जेजू बेटाजवळ समुद्रात पडलं.

त्यानंतर नियम कडक झाले. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून प्रवासी विमानात न्यायला आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने बंदी घातली. मालवाहू विमानात त्या जातात, पण जास्तीत जास्त ३० टक्के चार्ज करून. खोक्यावर नारिंगी चिठ्ठी लागते: फक्त मालवाहू विमानासाठी. पॉवर बँक चेक-इन बॅगेत ठेवू देत नाहीत, त्याचं कारणही हेच. हातातल्या बॅगेत ती तापली तर कोणाच्या तरी लक्षात येते.

म्हणजे प्रवासी विमानातून जे धोकादायक म्हणून काढलं जातं, त्यातलं बरंच मालवाहू विमानात चढतं. रसायनं, रंग, किरणोत्सारी औषधं, कोरडा बर्फ. कॅप्टनला उड्डाणाआधी अशा प्रत्येक वस्तूची लेखी सूचना मिळते: काय आहे, किती आहे, कोणत्या जागेत आहे. कोरड्या बर्फातून कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून त्याच्या शेजारी जिवंत जनावरं ठेवत नाहीत. एक दिवसाची कोंबडीची पिल्लं हवाईमार्गे जातात तेव्हा हजारो पिल्लांची मिळून इतकी ऊब तयार होते की कक्षाचं तापमान हिशेबाने खाली ठेवावं लागतं. विमान धावपट्टीजवळ तासभर अडकलं तर पहिली काळजी त्यांचीच.

या साखळीचा पहिला दुवा कॉकपिटपासून फार लांब असतो. वरुडच्या किंवा पुसदच्या दुकानातून मोबाइल दुरुस्तीला पाठवताना कोणी "कपडे" लिहून खोकं बंद केलं, तर पुढची सगळी तपासणी त्या एका शब्दावर उभी राहते. क्ष-किरण यंत्र बरंच पकडतं, सगळं नाही. पार्सलमध्ये बॅटरी, अत्तर, सॅनिटायझर, लायटर, फवारणीचं औषध असेल तर ते स्पष्ट सांगा. कुरिअरवाला नाही म्हणाला तर ते रस्त्याने पाठवता येतं.

रात्रपाळी

कुरिअरचं गणित सोपं आहे: संध्याकाळी गोळा करायचं, सकाळी वाटायचं. मधल्या रात्रीत उडायचं. नागपूरला हे नवीन नाही. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली डाकोटा विमानं मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. देशाच्या मध्यावर असण्याचा तो फायदा होता. आजही रात्री ओलिताला गेलेल्या माणसाला वरून जाणारे दिवे दिसतात, त्यात अशी मालवाहू विमानं असतात.

रात्री उडण्याचे फायदे आहेत. हवा थंड, आकाशात गर्दी कमी, थेट मार्ग मिळतो. पण शरीर ऐकत नाही. रात्री २ ते पहाटे ६ या वेळात शरीराचं तापमान उतरतं आणि लक्ष ढिलं पडतं. नेमक्या याच वेळात मालवाहू विमान त्या रात्रीचं दुसरं किंवा तिसरं लँडिंग करत असतं. हिवाळ्यात दिल्लीकडे जाताना धुकंही सूर्योदयाच्या सुमाराला सगळ्यात दाट असतं, म्हणजे वैमानिक सर्वांत थकलेला असताना धावपट्टी सर्वांत कमी दिसते. दिवसा झोप भरून काढता येईल असं कागदावर वाटतं. प्रत्यक्षात दिवसाची झोप तुटक होते. हॉटेलात दार वाजतं, बाहेर हॉर्न, पडद्यातून ऊन. आठवड्यात दोन रात्री काम, मग दोन दिवस सुट्टी आणि घरच्यांबरोबर दिवसाचं जगणं, मग पुन्हा रात्र. शरीराला कुठलंच एक वेळापत्रक मिळत नाही.

१४ ऑगस्ट २०१३ ला पहाटे पाचच्या आत अमेरिकेत बर्मिंगहॅमला यूपीएसचं ए३०० धावपट्टीच्या अलीकडेच टेकडीवर आदळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. चुकीच्या उंचीची जाणीव उशिरा झाली. थकवा हे त्यातलं एक कारण धरलं गेलं. दोघांनी त्याच रात्री विश्रांतीच्या नियमांबद्दल बोललेलं कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात सापडलं. तरीही अमेरिकेत जानेवारी २०१४ पासून लागू झालेले कडक विश्रांती-नियम प्रवासी वैमानिकांपुरतेच ठेवले, मालवाहू कंपन्या त्यातून वगळल्या. हा भेदभाव आम्हाला पटत नाही. झोप न झालेल्या मेंदूला मागे माणसं आहेत की खोकी, याने काही फरक पडत नाही, आणि विमान पडतं ते वस्तीवरही पडू शकतं.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आणि २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू केलेल्या नियमांत आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, आणि "रात्र" पहाटे ५ ऐवजी ६ पर्यंत मोजायचं ठरलं. प्रवासी कंपन्यांना त्यासाठी वैमानिकांची वेळापत्रकं नव्याने बांधावी लागली.

माणसं मागे असतात तेव्हा

प्रवासी विमानाचं अवघडपण गोंगाटाचं असतं आणि वेळेचं असतं. कमी भाड्याच्या सेवेत विमान गेटवर अर्धा तास थांबतं. तेवढ्यात दीड-पावणेदोनशे माणसं उतरायची, साफसफाई, इंधन, बॅगा आणि तितकीच माणसं पुन्हा चढायची. दिवसात अशा चार-पाच फेऱ्या. पहिल्या फेरीला वीस मिनिटं उशीर झाला की तो दिवसभर पुढे सरकत जातो, आणि रात्रीच्या शेवटच्या फेरीला वैमानिकाची कामाची कायदेशीर वेळच संपते.

मग माणसांची स्वतःची निकड. कोणाला छातीत कळ येते, कोणी बेशुद्ध पडतं, कोणाला वेळेआधी बाळंतकळा सुरू होतात. नागपूरवरून अनेक हवाई मार्ग जात असल्यामुळे अशा रुग्णासाठी विमान सोनेगावला उतरवल्याच्या बातम्या आपण वाचतोच. तो निर्णय कॅप्टनला काही मिनिटांत घ्यावा लागतो: कुठे उतरलं तर हॉस्पिटल लवकर मिळेल, विमान अजून इंधनाने जड आहे का, उतरल्यावर बाकीच्यांना पुढे कसं न्यायचं. दंगा करणारा प्रवासी असेल तर वेगळी कसरत. वैमानिक दार उघडून मागे जाऊ शकत नाही, सगळं केबिन क्रूच्या सांगण्यावरून ठरतं.

वादळाच्या बाबतीतही फरक दिसतो. ढगाच्या कडेने गेलं तर विमानाला धोका नाही पण धक्के बसतील, अशा वेळी मालवाहू वैमानिक कधी कधी सरळ जाऊ शकतो. प्रवासी वैमानिकाला चहाचा गरम जग हातात घेऊन उभ्या असलेल्या क्रूचा विचार करावा लागतो. पट्टा न बांधलेला माणूस एका जोरदार धक्क्यात छतावर आपटतो, म्हणून तो वळसा घेतो, दिवा लावतो, घोषणा करतो. आणि आणीबाणीत सगळ्यांना बाहेर काढायचं असतं. विमानाला मान्यता देतानाच ही कसोटी असते: निम्मी दारं बंद धरून ९० सेकंदांत पूर्ण भरलेलं विमान रिकामं झालं पाहिजे. मालवाहू विमानात दोन-चार माणसं कॉकपिटच्या खिडकीतून दोराने किंवा पुढच्या दाराने उतरतात.

मे महिन्यातली नागपूरची धावपट्टी

नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३० फूट उंचीवर आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हवा इतकी पातळ होते की विमानाला आपण ५,००० फुटांच्या आसपासच्या डोंगरमाथ्यावरून उडतोय असं वाटतं. पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर कमी पडतो, जास्त धावावं लागतं. मध्यरात्री पारा ३० वर आला की तीच धावपट्टी ३,००० फुटांच्या आसपास वागते. रात्री उडणाऱ्या मालवाहू विमानाला हा फायदा आयता मिळतो.

वजन कमी करायची वेळ आलीच तर प्रवासी विमानात आधी पोटातला माल उतरवतात, मग काही जागा रिकाम्या ठेवतात. विमानतळावर थांबलेल्या माणसाला "हवा गरम आहे म्हणून तुम्हाला घेता येत नाही" हे समजावून सांगणं सोपं नसतं. मालवाहू विमानात एक पॅलेट मागे ठेवलं की झालं, पण कोणतं ठेवायचं यावर पुन्हा तोल बिघडतो. सगळ्यात शेवटचं पॅलेट काढलं की मध्यबिंदू पुढे सरकतो आणि लोडशीट पुन्हा करावी लागते.

संत्रा विमानाने का जात नाही, असं मोर्शी-वरुडकडे विचारतात. भाडं वजनावर किंवा आकारमानावर, जे जास्त येईल त्यावर लागतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६,००० ने भागायचं. ६० बाय ४० बाय ४० चं खोकं १६ किलो धरलं जातं, आत फुलं भरून ते प्रत्यक्षात ९ किलोचं असलं तरी. संत्र्याचं क्रेट उलट आहे, ते वजनानेच भरतं, आणि किलोमागे मिळणाऱ्या दरातून विमानाचं भाडं निघत नाही. म्हणून संत्रा ट्रकने आणि रेल्वेने जातो, आणि विमानात लस, मोबाइल, यंत्रांचे भाग अशा किलोमागे महाग वस्तू दिसतात.

या कामात यायचं असेल तर

परवान्यात वेगळं काही नाही. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी, वयाची १८ वर्षं आणि २०० तासांचं उड्डाण पूर्ण झालं की व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळतो. कॅप्टन व्हायला लागणाऱ्या वरच्या परवान्यासाठी १,५०० तास लागतात. पुढे प्रत्येक विमान-प्रकारासाठी स्वतंत्र प्रशिक्षण, म्हणजे टाइप रेटिंग घ्यावं लागतं, आणि तिथे विचार करून पाऊल टाकायला हवं. भारतात मालवाहू जागा प्रवासी जागांच्या मानाने फार थोड्या आहेत. ए३२१ मालवाहूवर काम करणाऱ्या वैमानिकाचं रेटिंग प्रवासी ए३२० ला चालतं, त्यामुळे उद्या रात्रपाळी झेपेनाशी झाली तर तो बाजू बदलू शकतो. ७३७ चंही तसंच. पण ७५७ वरच्या वैमानिकाला भारतातल्या प्रवासी कंपनीत यायचं तर नवं रेटिंग घ्यावं लागतं, कारण त्या विमानातून इथे कोणी प्रवासी नेत नाही.